ओटी आणि ओटीपोट

नवरात्रातील एका शुक्रवारी निपाणीजवळच्या एका देवीच्या दर्शनास आम्ही गेलो होतो. ओटी भरणाऱ्या स्त्रियांची रांग सभामंडपाबाहेर दीपमाळेपर्यंत पोहोचली होती. त्या रांगेत आमच्या परिचयातील एक भगिनी होत्या. व्यवसायाने शिक्षिका, दोन मुलांच्या माता, धाकटे दीड वर्षाचे मूल कडेवर. दोन्ही बाळंतपणे शस्त्रक्रियेने झालेली. दर्शन आटोपून सारी मंडळी पारावर टेकली असता त्यांनी आमच्या घरच्यांना हळूच सांगितले, की पोट फार सुटले आहे, निऱ्या नीट बसत नाहीत, कंबर दुखते, वर्गात उभे राहवत नाही. बेळगावास डॉक्टरांना विचारून ते शिवून घ्यावे असे मनात येते. मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, "मावशी, यात काही वावगे आहे का हो?"

त्या प्रश्नास तेथल्या तेथे दोन उत्तरे मिळाली. एक वृद्ध बाई म्हणाल्या, "अगं, लेकरे झाली, पांग फिटले. आता तुझ्या पोटाकडे कोण बघणार आहे?" त्यांच्या शेजारी बसलेली तरुण नातेवाईक उत्साहाने म्हणाली, "करूनच टाका ताई. महिन्याभरात पूर्वीसारख्या व्हाल." आमच्या भगिनी दोन्ही ऐकून हसल्या आणि मुलाला घेऊन उठल्या. ते हसणे आमच्या ध्यानात राहिले.

आम्ही वैद्य नव्हे आणि धर्मशास्त्रीही नव्हे. शब्द आणि शिल्प यांचे मूल्यमापन करणे एवढाच आमचा अभ्यास. परंतु ही दोन वाक्ये आम्हांस साहित्याच्याच प्रांतातली वाटली. दोन्ही तयार वाक्ये होती. पहिले आपल्या परंपरेने त्या वृद्धेच्या तोंडी ठेवलेले, दुसरे जाहिरातीने त्या तरुणीच्या तोंडी ठेवलेले. एका बाईने आपल्या शरीराविषयी खरा प्रश्न विचारावा आणि तिला उसनी वाक्ये मिळावीत, असे का व्हावे? आपल्या कलेने आणि वाङ्मयाने आईच्या पोटाविषयी आजवर काय म्हटले आहे, याचा शोध घेतल्यावाचून याचे उत्तर मिळणार नाही.

प्रथम शब्दच पाहू. देवीपुढे आपण जी भरतो ती ओटी, आणि नाभीखालचा उदराचा भाग ते ओटीपोट. सीमाभागातील कन्नड भाषिक भगिनी सौंदत्तीच्या यल्लम्मापुढे याच विधीस 'उडी तुंबणे' म्हणतात. भाषा बदलली तरी पदर पोटाशी धरून त्यात धान्य आणि नारळ घेण्याची कृती तीच. म्हणजे शल्यवैद्य ज्या जागी सुरी लावणार, त्याच जागी आपण तांदूळ आणि खण ठेवीत आलो आहोत. मराठीत 'पोट' हा शब्द किती थोर आहे! लेक 'पोटची' असते, माया 'पोटात' असते, दुसऱ्याचे अपराध आपण 'पोटात घालतो'. मूल पोटात असताना स्त्री दोन जिवांची असते, पोटुशी असते; तिला डोहाळे पुसले जातात. मूल बाहेर आले, की तिची 'सुटका झाली', ती 'मोकळी झाली' असे आपण म्हणतो. आणि येथे भाषेचे औदार्य एकदम संपते. त्यानंतरच्या पोटाला आपल्याजवळ एकच विशेषण उरते: 'सुटलेले'. सुटकेतला आणि सुटलेल्या पोटातला धातू एकच. एकात कृतज्ञता आहे, दुसऱ्यात हेटाळणी.

शिल्पाकडे वळलो तर हीच उणीव दगडात दिसते. कृष्णाकाठच्या खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. शिलाहारांच्या काळात 12व्या शतकात उभे राहिलेले हे देवालय आपल्या स्वर्गमंडपासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या बाह्यांगावरील सुरसुंदरी पाहताना मन प्रसन्न होते. परंतु त्यांच्या कटी पाहा. संस्कृत कवींनी ज्यांस कृशोदरी आणि तनुमध्या म्हटले, त्याच या. वेरुळच्या 14व्या लेण्यात सप्तमातृका बसल्या आहेत. त्यांच्याजवळ बालके आहेत, त्या माता आहेत हे शिल्पकारास सांगावयाचे आहे, तरी मातृत्वाची खूण त्याने बालकात आणि स्तनांत ठेवली, उदरात ठेवली नाही. उदराकडे त्याने खरोखर लक्ष दिले ते चामुंडेच्या वेळी, आणि ते खोल गेलेले, अस्थिशेष, मृत्यूचे उदर होय. कुमारिकेचे उदर आणि मृत्यूचे उदर अशी दोन टोके आपल्या शिल्पात आहेत. त्या दोहोंमधले, बाळ नुकतेच उतरून गेलेले उदर बहुधा नाही.

या नियमास एक मोठा अपवाद आहे, आणि तो या परिसरापासून दूर नाही. बदामीच्या संग्रहालयातील लज्जागौरी ही प्रसूतीच्या आसनात उताणी पहुडलेली आहे. तिचे उदर झाकलेले नाही, लपविलेले नाही. तेच मूर्तीचे केंद्र आहे. रा. चिं. ढेरे यांनी 1978 साली प्रसिद्ध झालेल्या 'लज्जागौरी' या ग्रंथात या देवतेचा संबंध रेणुका-यल्लम्मेशी आणि गोमंतकातील सांतेरीशी जोडून दाखविला. सांतेरी म्हणजे वारूळ. भूमीचे फुगून वर आलेले पोटच ते. आज शांतादुर्गेपुढे हात जोडणाऱ्या आमच्या कोंकणी वाचकांना हे नाते नवे वाटू नये. तथापि लज्जागौरीस मस्तक नाही. मानेच्या जागी कमळ आहे. प्रतीक म्हणून त्याचा अर्थ कितीही गहन असो, आमच्या शिक्षिका भगिनीस त्यात आपले उदर दिसेल, आपला चेहरा दिसणार नाही. पुराणेही येथे तिच्या फारशी उपयोगी पडत नाहीत. कालिदासाने 'कुमारसंभवा'त पार्वतीच्या पोटावरील तीन वळ्यांचे कौतुक केले, परंतु ती कुमारी असताना. पुढे कार्तिकेय तिच्या उदरातून जन्मला नाही. गणेश तिने अंगाच्या मळापासून घडविला. जगाची आई, पण बाळंतपणाची खूण अंगावर नसलेली! मोठे पोट मात्र मुलास मिळाले, आणि त्यास आपण लंबोदर म्हणून प्रथम वंदन करतो. घरातील पुरुषाचे पोट पुढे आले तर ते सुखवस्तूपणाचे लक्षण मानण्याची आपली चालही बहुधा याच सोयीची.

वाङ्मयाची स्थिती याहून फार वेगळी नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जमविलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर जाते. बेळगाव ज्यांची कर्मभूमी होती, त्या इंदिरा संतांनी (1914–2000) उत्तरायुष्यात 'मालनगाथे'त स्त्रियांच्या ओव्यांचा सहृदय संग्रह केला. या ओव्यांत माहेर आहे, भाऊ आहे, लेकराचे कौतुक आहे, कष्टांचा हिशेब आहे, बाळंतवेणाही आहेत. परंतु वेणा सरल्यावर ज्या देहाने बाई पुन्हा जात्याशी बसली, त्या देहाविषयी आमच्या वाचनात फार थोडे आले. इंदिराबाईंच्याच 'गर्भरेशीम' या 1982 सालच्या संग्रहास 1984 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या एका शीर्षकात गर्भाशी रेशमाचा स्पर्श जोडलेला आहे, आणि ते शीर्षक आम्हांस मराठीतील एक मोठी भेट वाटते. मात्र रेशीम विणून झाल्यावर मागाचे काय होते, हे विचारणारी कविता अद्याप विपुल झालेली नाही. र. धों. कर्वे यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' काढून शरीराविषयी सरळ बोलण्याची वाट उघडली. तिच्यावरून आमचे ललित लेखक अडखळतच चालले.

येथे कोणी म्हणेल, वाङ्मय गप्प राहिले, पण आचार गप्प नव्हता. हे मान्य केले पाहिजे. बाळंतिणीची खोली, शेक-शेगडी, तेल, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, पाचवीची पूजा, आणि जुन्या मऊ लुगड्याच्या पट्ट्याने पोट आवळून बांधणे, हे सारे त्या देहाची दखल घेणारेच होते. सव्वा महिना तिने जड उचलू नये, वाकू नये, हा नियम कोणाही धन्वंतरीस मान्य व्हावा असा होय. पट्ट्याने आधार मिळतो, स्नायू मात्र त्याने जोडले जात नाहीत, एवढी दुरुस्ती आजचा वैद्य करील. परंतु हा आचार सर्वांच्या वाट्यास कधी आला? ज्या निपाणीच्या तंबाखूवर या भागाची समृद्धी उभी राहिली, तेथील वखारींत आणि विडीच्या सुपापुढे बसणाऱ्या स्त्रियांना हजारावर मजुरी मिळे. जो दिवस विडी वळली नाही, त्या दिवसाची मजुरी नाही. 1981 साली निपाणीचे तंबाखू शेतकरी भावासाठी रस्त्यावर बसले, त्याची कथा पुष्कळांनी सांगितली. ओल्या अंगाने सुपापुढे बसलेल्या बाईच्या पोटाची कथा कोणी सांगावी? 2017 सालच्या दुरुस्तीने कायद्याने नोकरदार स्त्रीस 26 आठवड्यांची प्रसूतिरजा दिली. घरी बसून विड्या वळणारीच्या सव्वा महिन्याचा प्रश्न मात्र तिच्या घराच्या ऐपतीवरच राहिला.

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे वळू: 'पूर्वीसारख्या व्हाल.' जाहिरातीचे सारे वाङ्मय या एका विशेषणावर उभे आहे. 'मम्मी मेकओव्हर' असे गोंडस नाव देऊन ते विकले जाते. हे वाङ्मय तपासावयाचे तर आधी त्यामागची वस्तुस्थिती पाहिली पाहिजे. गरोदरपणात पोटाच्या मध्यरेषेवरील पडदा ताणला जातो आणि दोन्ही बाजूंचे उभे स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात. बहुतेकींच्या बाबतीत ही फट पहिल्या काही महिन्यांत पुष्कळ भरून येते. काहींच्या बाबतीत ती राहते, आणि तेव्हा पोटाचा आधार कमी पडतो. कंबर दुखू शकते, बेंबीपाशी हर्नियाही होऊ शकतो. योग्य व्यायामाने अनेकींना आराम पडतो. डॉक्टर ज्यास अ‍ॅब्डोमिनोप्लास्टी म्हणतात त्या शस्त्रक्रियेत ओटीपोटावर एका नितंबापासून दुसऱ्यापर्यंत छेद घेतात, कातडी बरगड्यांपर्यंत सोडवितात, दूर गेलेले स्नायू टाके घालून जवळ आणतात, जादा कातडी आणि चरबी काढून टाकतात, आणि नाभीसाठी नव्या जागी छिद्र करतात. संपूर्ण भूल द्यावी लागते. आत द्रव साठणे, जखम चिघळणे, कातडीचा काही भाग मरणे, पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे, हे धोके त्यात आहेत. तंबाखूचे सेवन करणाऱ्यांच्या जखमा नीट भरत नाहीत, म्हणून डॉक्टर ती आधी सोडावयास सांगतात. मिसरी लावण्याची सवय असलेल्या आमच्या भागातील स्त्रियांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. वजन उतरविण्याचा हा मार्ग नव्हे. आणखी मूल हवे असेल तर थांबावे, अंगावरचे दूध तुटलेले असावे, वजन स्थिर झालेले असावे, असा सर्वसाधारण सल्ला असतो. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्यविमा सहसा देत नाही.

एवढे सारे वाचल्यावर 'पूर्वीसारख्या' या शब्दाचे काय उरते? नाभी नव्या जागी, ओटीपोटावर कायमचा व्रण, त्याभोवती कित्येक महिने बधिरता. हे पूर्वीचे पोट नव्हे. हे तिसरे पोट आहे. ते अधिक सोयीचे असेल, तिला अधिक आवडेलही. परंतु ते पूर्वीचे आहे असे म्हणणे म्हणजे मधल्या दोन बाळंतपणांना खोडरबर लावणे होय. जाहिरातीविरुद्ध आमची तक्रार ती शस्त्रक्रिया विकते ही नाही. तक्रार ही, की ती काळ उलटा फिरविण्याचे आश्वासन विकते आणि त्यासाठी आधी बाईस स्वतःची लाज विकत घ्यावयास लावते.

आणि तरीही आम्ही पहिल्या वाक्याच्या बाजूस उभे राहू शकत नाही. 'तुझ्या पोटाकडे कोण बघणार आहे?' या प्रश्नात असे गृहीत आहे, की पोट हे बघणाऱ्याचे असते. ती स्वतः त्या पोटाने उभी राहते, वाकते, फळ्यापाशी हात वर करते, हे त्यात जमेसच नाही. काही धर्मनिष्ठ सज्जन म्हणतील, देवाने दिलेल्या देहास सुरी का लावावी? त्यांस आम्ही नम्रपणे सुश्रुताचे स्मरण देऊ. तुटलेली कानाची पाळी जोडणे आणि गेलेले नाक घडविणे यांचा विधी त्याच्या संहितेत आहे. आणि ही विद्या पोथीतच राहिली नव्हती. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा गडी 1792 सालच्या युद्धात टिपूच्या हाती सापडला; त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्याच कपाळाची कातडी वळवून त्यास नवे नाक दिले. त्याचा वृत्तांत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये आला, आणि युरोपातील शल्यवैद्यांनी त्यावरून धडे घेतले. त्या कावसजीस देहाचा अहंकार जडला, असे त्या काळी कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. युद्धाने गेलेले नाक परत मागणे हा मान, आणि बाळंतपणाने फाकलेले स्नायू जवळ आणावयास सांगणे ही हौस, हा निवाडा आम्हांस न्यायाचा वाटत नाही.

अर्थात, नाक आणि पोट यांत भेद आहे. नाक कावसजीकडून शत्रूने हिरावले होते. पोटात झालेला बदल कोणी हिरावलेला नाही, तो एका दानाची खूण आहे. यशोदेने कमरेला बांधलेल्या दाव्याचा वळ बालकृष्णाच्या पोटावर उमटला आणि तो त्याने दामोदर या नावात कायमचा धारण केला. खूण बाळगण्यात थोरवी असू शकते, हे ती कथा शिकविते. परंतु ते नाव भक्तांनी प्रेमाने घेतले, म्हणून वळाचे भूषण झाले. आईच्या पोटावरील वळांना आपण कोणते नाव दिले? 'सुटलेले'! जो समाज खुणेला चांगले नावही देत नाही, त्याने ती खूण बाळगण्याचा उपदेश करू नये.

या साऱ्या विचारातून आम्हांस एक गोष्ट विशेष जाणवली. या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सांगतात, की साधारण सहा आठवडे जड वस्तू उचलू नये. मूलही उचलू नये. काही दिवस वाकून चालावे, पोटाला पट्टा बांधावा, दुसऱ्याने हातात पाणी द्यावे. वाचकहो, हा सव्वा महिन्याचाच नियम नव्हे काय? जो पट्टा, जी विश्रांती आणि जी देखभाल बाळंतपणात मिळावयाची, तीच येथे पैसे मोजून आणि छेद घेऊन मिळते. आमच्या भगिनीस आम्ही नंतर विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले, की दुसऱ्या खेपेस बाराव्या दिवशी बारसे झाले आणि पंधराव्या दिवसापासून पाण्याच्या बादल्या त्यांनीच उचलल्या. त्या विश्रांतीने स्नायूंची फट भरलीच असती असा आमचा दावा नाही. परंतु ज्या घरास तेव्हा सहा आठवडे देता आले नाहीत, ते आता देईल का, हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वी त्या घरातील पुरुषांना विचारला गेला पाहिजे. तो पारावर विचारला गेला नाही. आम्हीही विचारला नाही.

म्हणून आमचा अभिप्राय असा. दुखणे असेल तर तो लाजेचा विषय नाही. आधी स्नायूंची तपासणी आणि व्यायाम, मग गरज पडल्यास शल्य. दुखणे नसेल, केवळ आरशातील पोट नकोसे झाले असेल, तर धोका, व्रण आणि खर्च जाणून निर्णय करण्याचा अधिकार तिचाच. मात्र ती लाज स्वतःची की कोणी हाती दिलेली, हे एकदा एकांतात पाहावे. देवीचा यात कोप नाही आणि प्रसादही नाही. बाकीचे काम आम्हा लिहिणाऱ्यांचे आहे. कृशोदरीस शतकानुशतके शब्द पुरविणाऱ्या वाङ्मयाने दोन लेकरांच्या आईच्या पोटास एखादा सरळ, प्रेमळ शब्द द्यावा. मराठीने द्यावा, कोंकणीने द्यावा. ज्या भाषेत आधी सुचेल तीतून दुसरीने उचलावा.

आमच्या भगिनींनी अद्याप काही ठरविलेले नाही. बेळगावास जाऊन त्यांनी तपासून घेतले. फट आहे, व्यायाम सुरू आहेत, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावयाचे आहे. घरातील बादल्या आता यजमान उचलतात, असे त्यांनी सांगितले. दिवाळीनंतर देवळात भेट झाली तेव्हा आमच्या घरच्यांनी त्यांची ओटी भरली. त्यांनी पदर दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता, आणि नारळ पडू नये म्हणून धाकट्याने खालून आपलाही हात लावला होता.